लिंबू मी ठेवलं होतं

तातू,

अपर्णाताईंचा फोन आला होता. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहा म्हणाल्या, तुमच्याइतकं जुनं तातूंना इथे कोणी ओळखत नाही. जन्मसाल, गाव, बहरीनला कधी आले, मंडळासाठी काय काय केलं, अशी यादीही त्यांनी पाठवली. मी हो म्हटलं. त्याला तीन आठवडे झाले. यादीतलं एकही उत्तर लिहून झालेलं नाही. सुनेनं दिलेल्या वहीत एकच वाक्य लिहितो, खोडतो, बाल्कनीत जाऊन सनाबिसच्या रस्त्यावरच्या गाड्या बघतो, परत येऊन तेच लिहितो. लिंबू मी ठेवलं होतं.

हे तुला सात वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. तू सरळ विचारलंही होतंस. तेव्हा मी खोटं बोललो. आता तू नाहीस, आणि ज्यांच्यासमोर गप्प बसलो ते सगळे हा अंक वाचतात. म्हणून तुला लिहितो, आणि त्यांनाही वाचू दे.

आपली ओळख मागच्या दाराची. मी कोल्ड स्टोअरमध्ये, डबाबंद सामान घरोघर पोचवायच्या कामावर. तू बंदर खात्यातल्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी. इंग्रज अजून जायचे होते. मी खोकं पायरीवर ठेवायचो, तू एकेक डबा उलटा करून बघायचास, पोचा आलेला असला की परत. 'पैसे साहेबाचे, पोट माजा नाय, मॅडमचा,' म्हणायचास. मग पत्र्याच्या मगात चहा. त्या बंगल्याशी माझा संबंध त्या पायरीपर्यंत. आत काय होतं, मेज कसं मांडायचे, पडदे कुठल्या रंगाचे, मी कधीही पाहिलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी जगाला वेगळं सांगितलं.

त्याच पायरीवर तू माझं बोट बांधलंस. शीतखोलीचं लोखंडी दार करंगळीवर बसलं होतं आणि दुकानात कुणाला सांगायची भीती वाटत होती. तू लाकडी डावाचा दांडा मोडलास, दोन्ही बाजूंनी लावलास आणि फडक्यानं आवळलंस. महिन्याभरानं सोडलं तेव्हा करंगळी शेवटच्या पेरात बाहेर वळलेली. तू हातात धरून बघितलीस आणि म्हणालास, 'वाकडा झाला, पण ऱ्हवला मां?' ती अजून तशीच आहे. लिहिताना कागदाला लागते.

मॅडमची गोष्ट तू मला नंतर सांगितलीस. साहेब-मॅडम विलायतेला परत गेले होते, तू नईम भागात खानावळ सुरू केली होतीस. सर्वपित्रीला तू मला जेवायला बोलावलंस. गच्चीच्या कठड्यावर दोन पानं वाढलेली दिसली. इथे केळीचं पान मिळायचं नाही, तू बदामाची पानं हिरांनी, नारळाच्या झावळीच्या काड्यांनी, टाचायचास. एक पान मोठं, एक अगदी तळहाताएवढं. मोठं वडलांचं, हे मला कळलं. लहान कुणाचं, म्हणून विचारलं.

जेवण झालं, पानं उचलली, मग सांगितलंस. मॅडमला मूल झालं होतं. अकरा दिवस जगलं. इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. साहेबानं पाळणा दुसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकला आणि घरात विषय काढायचा नाही म्हणून बजावलं. मॅडम क्लबात जायची, पत्ते खेळायची, मोठ्यानं हसायची आणि घरी आली की कोठीत उभी राहून बशा मोजायची. पुन्हा पुन्हा त्याच बशा. त्या वर्षी अमावास्येला तू मागच्या भिंतीवर वडलांचं पान वाढलंस आणि तुझ्या मनानं शेजारी एक लहान वाढलंस. भात, वरण, वडा, तांदळाची खीर, डाव्या बाजूला लिंबाची फोड. नेमकी मॅडम बाहेर आली. काय आहे विचारलं. तुझं इंग्रजी वीस शब्दांचं. तू म्हणालास, मोठं माझा बाप, लहान बेबी.

नोकरी गेली, असं तुला वाटलं. ती पायरीवर बसली. ज्या पायरीवर तू सकाळी मासे साफ केले होतेस त्याच पायरीवर, पांढऱ्या कपड्यांत. दोघं थांबलात. बंदरावरचा कावळा आला आणि त्यानं आधी लहान पानातली खीर घेतली. मॅडमनं विचारलं, तोच का? तू म्हणालास, येस मॅडम.

त्यानंतर दर वर्षी पावसाळ्याचे दिवस सरत आले, म्हणजे आपल्या गावचे, इथे कुठला पाऊस, की ती तुला विचारायची, तो दिवस कधी आहे? साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि निघायच्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन तिनं एवढंच विचारलं, तू वाढशील ना? तू हो म्हणालास. पन्नासच्या वर वर्षं तू ते पान वाढलंस. मंडळाच्या भटजींनी एकदा सांगितलं की तान्ह्या मुलाचं पान शास्त्रात बसत नाही. तू त्यांना दुसरा वडा वाढलास आणि विचारलंस, 'मग तां पोर जेवतला खंय?' भटजींनी तो वडाही खाल्ला.

मला सांगून झाल्यावर तू म्हणालास, 'मॅडमच्या घरातला भायर जावचा नाय, मधू.' मी म्हटलं, जाणार नाही.

मग ती मालिका आली.

इंग्रज जोडप्याची गोष्ट, आखातातल्या वसाहतीतलं आयुष्य, आठ भाग. माहिती गोळा करायला क्लेअर नावाची मुलगी विलायतेहून आली. इंग्रजांच्या घरी काम केलेलं कोणी उरलंय का, म्हणून मंडळाच्या हॉलवर आली. सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू तिला खानावळीत बसवलंस, बटाटेवडे खाऊ घातलेस, चहा दिलास. तिनं वही उघडली तसा म्हणालास, 'मॅडम गुड, साहेब गुड, खलास.' ती हसली. तू नाही हसलास.

जिना उतरताना मी तिला गाठलं आणि म्हटलं, मीही त्या बंगल्यावर असायचो.

का म्हटलं, हे मी तुला समजावून सांगू शकत नाही, स्वतःलाही नाही. एकाहत्तर वर्षांचा होतो. नोकरी संपून दहा वर्षं झाली होती. मुलगा सकाळी सीफला ऑफिसात, नातू शाळेत. नातवाला मी मराठीत काही विचारलं की तो मान वर न करता इंग्रजीत 'आय डोन्ट नो' म्हणायचा. आणि ही पोरगी मी बोललेला शब्द न् शब्द लिहून घेत होती. पहिल्या दिवशी डबाबंद सामानाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून ऐकलेले पत्ते आणि क्लब. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळचं सगळं संपलं. तिनं वही मिटली आणि सहज विचारलं, त्यांना मूलबाळ होतं का?

मी सांगितलं. पायरी, पान, कावळा, सगळं. वर असंही सांगितलं की तेव्हा मी तिथेच उभा होतो. ती रडली, तातू. माझा हात धरून थँक्यू म्हणाली. मला फार बरं वाटलं. हेही लिहायला हवं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

अरादला किल्ल्याच्या पलीकडे एका रिकाम्या आवारात त्यांनी बंगला उभा केला होता. पुढून खराखुरा, मागून लाकडी टेकू. मला सल्लागार केलं. सावलीत खुर्ची, खुर्चीच्या पाठीला माझ्या नावाचा कागद. तुला मी सांगितलं होतं की चित्रीकरण बघायला जातो. तू म्हणालास, 'बघ, पण बोलू नको.'

पानाच्या प्रसंगाच्या दिवशी मी पान तुझ्यासारखं वाढलं. अगदी लिंबाच्या फोडीसकट. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यातून पाहिलं. म्हणाला, नुसतं पांढरं दिसतंय, आणखी काही असतं का यात? रंग असलेलं काही?

काही नसतं, एवढं म्हणायचं होतं. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. शेजारी बाजाराच्या प्रसंगासाठी फळांच्या टोपल्या ठेवल्या होत्या. मी उठलो. फोड काढली. अख्खं लिंबू घेतलं, वरून चार चिरा दिल्या, देठाशी जोडलेलं ठेवलं, रंगभूषेच्या पेटीतलं कुंकू त्यात दाबून भरलं आणि लहान पानाच्या मधोमध ठेवलं.

लिंबाची फोड आणि कुंकू भरलेलं लिंबू यातला फरक आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो. मला कळत होता. दिग्दर्शक म्हणाला, ब्यूटिफुल. मग त्यानं विचारलं, बाई हे बघून घाबरेल का? मी म्हटलं, घाबरेल.

त्या एका शब्दावर दुपारी प्रसंग बदलला. मॅडम किंचाळते, पान लाथाडते, साहेब स्वयंपाक्याला हाकलून देतो. क्लेअर माझ्या खुर्चीशी येऊन हळूच म्हणाली, तुम्ही तर सांगितलं होतंत की ते बाळासाठी होतं. मी म्हटलं, आमच्यात दोन्ही असतं.

आमच्यात दोन्ही असतं, तातू. तुझं पन्नास वर्षांचं पान मी त्या तीन शब्दांत उपडं केलं.

आणखी एक. मालिकेतला स्वयंपाकी म्हातारा दाखवला होता. लिंबू ठेवणारा नुसता हात जवळून घ्यायचा होता, नट जेवायला गेला होता, उजेड कमी होत होता. दिग्दर्शक मला म्हणाला, तुमचाच हात द्या. मी दिला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धंच. मालिका आली तेव्हा मंडळानं तो भाग हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावला, कारण शेवटी माझं नाव येणार होतं. तू दोन रांगा पुढे, पांढऱ्या शर्टात, आपल्या मुलाशेजारी, नंदूशेजारी बसला होतास. पान आलं, लिंबू आलं, किंकाळी आली. माझं नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या. दिवे लागल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, काय तातूकाका, आमच्या मॅनेजरवर करा की एक लिंबू, व्हिसा अडकवून ठेवलाय. सगळे हसले. वाईट मनात कुणाच्याच नव्हतं. मीही हसलो. तुझ्याकडे न बघता हसलो.

तू पार्किंगमध्ये माझी वाट बघत होतास. मला वाटलं, भांडशील. मी बाहेर का सांगितलं, हेसुद्धा विचारलं नाहीस. एवढंच विचारलंस.

'लिंबू कोणी ठेवल्यान रे?'

मी म्हटलं, त्या लोकांनी मागाहून घातलं. मी नव्हतो त्या दिवशी. इंग्रजांना आपलं काय कळतंय.

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग खाली. म्हणालास, 'बरा.' आणि नंदूच्या गाडीत बसलास.

त्या वर्षीच्या गणपतीत नैवेद्य बाहेरून मागवायचा ठराव झाला. एकवीस वर्षं मंडळाचे मोदक तू केलेस. बैठकीत कारण दिलं गेलं की तातूंचं वय झालं, त्यांना त्रास नको. खरं कारण निराळं होतं. दोन नव्या कुटुंबांनी विचारलं होतं, ते मालिकेत दाखवलं ते यांचंच ना, मग देवाचं यांच्या हातचं कसं चालतं? मी त्या बैठकीला होतो. तोंड उघडायला एक मिनिट पुरलं असतं. मी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तू मोदकपात्र घासून, धुतलेल्या पंच्यात बांधून हॉलवर आणून ठेवलंस. ते आजही कपाटात त्याच गाठीत आहे. परवा बघून आलो.

त्यानंतर तू मंडळात आला नाहीस. मी खानावळीत यायचो, तू वाढायचास, आपण बांगड्यावर आणि नंदूच्या गुडघ्यावर बोलायचो. अनेकदा शब्द ओठाशी आले. तू 'आणि भात घे' म्हणायचास आणि ते परत जायचे. तुझ्या त्या वागण्याचा मला राग यायचा. भांडला असतास तर मला बोलता आलं असतं, असं वाटायचं. किती सोपं करून घेतलं होतं मी, दोषसुद्धा तुलाच.

दोन वर्षांपूर्वी तू खानावळ नंदूवर सोपवून देवगडकडे कायमचा निघालास. नईमच्या खोलीत सामान बांधताना मला म्हणालास, वडलांचं पान मी गावाला वाढेन. 'पण तां पोर हयच आसा. तां खंय येतला बोटीन कोकणात? लहान पान तू वाढ.' बदामाच्या पानांना लागणाऱ्या हिरांची जुडी माझ्या हातात दिलीस. मी हो म्हटलं.

मॅडमनं तुझ्याकडून शब्द घेतला, तू माझ्याकडून. तू पाळलास.

मी दोन्ही वर्षं पान वाढलं नाही. पहिल्या वर्षी सुनेला काय सांगू म्हणून. दुसऱ्या वर्षी काहीच कारण नव्हतं. हिरांची जुडी हातात घेतली की अरादचं ते पान दिसायचं, एवढंच. दोन्ही वर्षं दुपारी तुझा फोन यायचा. 'वाढलंस?' वाढलं. 'कावळो इलो?' आला. 'आधी खीर घेतल्यान?' हो, आधी खीर. तू समाधानानं 'बरा' म्हणायचास. दुसऱ्या फोनच्या वेळी तुझा आवाज खोल गेला होता.

तुझा दहावा मी फोनवर पाहिला. नंदूनं व्हिडिओ लावला होता. नदीकाठ, पिंड, झाडावर तीन कावळे. एकही खाली येईना. तास गेला. नंदू म्हणाला खानावळ बंद करणार नाही, धाकटीचं लग्न लावीन म्हणाला, तुमच्या चष्म्याची काळजी करू नका असंही कुणी म्हणालं, बिचारे काहीही सुचेल ते बोलत होते. मग नंदूनं फोन पिंडाकडे धरला. म्हणाला, काका, तुम्ही काहीतरी बोला, तुमचं ऐकतील.

मला माहीत होतं काय बोलायचं ते. पन्नास माणसं ऐकत होती. मी म्हटलं, तातू, सगळं नीट होईल.

कावळे बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

परवा सर्वपित्री झाली. सकाळी मी सुनेला सांगितलं की भात, वरण, खीर आणि वडे हवेत. कशाला ते विचारल्यावर, सांगतो पण आल्यावर, म्हटलं. तिनं डबा भरला. खाली बदामाचं झाड आहे, त्याची पानं घेतली आणि टॅक्सीत बसून टाचली. नीट जमली नाहीत, करंगळी मध्ये येते. दफनभूमीच्या फाटकावर एक बांगलादेशी राखणदार होता. डबा बघून त्यानं हिंदीत विचारलं, किसका है? मी म्हटलं, बच्चे का. कितना बड़ा था? मी म्हटलं, ग्यारह दिन का. त्यानं फाटकाबाहेरच्या भिंतीची सावलीची बाजू दाखवली.

भिंतीवर पान वाढलं. भात, वरण, वडा, खीर. डाव्या बाजूला लिंबाची फोड.

उभा राहिलो. ऊन फार होतं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. खिशातून फोन काढला आणि सवयीनं तुझा नंबर लावला. म्हणजे काय करतोय हे कळेपर्यंत वाजायला लागला होता. नंदूनं उचलला, तुझा फोन आता त्याच्याकडे असतो.

मी म्हटलं, नंदू, वाढलं रे. तो म्हणाला, काय वाढलं, काका? मग मी त्याला सगळं सांगितलं. क्लेअर, खुर्ची, लिंबू, पार्किंगमधलं खोटं, मोदक, दोन वर्षांची न वाढलेली पानं. तिथेच उभा राहून, भिंतीला पाठ टेकून, एका दमात. माझं संपल्यावर तो म्हणाला, 'काका, लिंबाचं बाबांना माहीत होतं.'

मी विचारलं, कसं?

'त्या दिवशी गाडीत बसल्यावर म्हणाले, मधूचा बोट बघलंस? मीच बांधलेला. पडद्यावर केवढा मोठा दिसला.'

मग तू पार्किंगमध्ये का विचारलंस, तातू? हे मी नंदूला विचारलं नाही. ते मला कळतं. मला कळत नाही ते एवढंच, की सगळं माहीत असताना ती जुडी तू माझ्याच हातात का दिलीस. नंदू होता, त्याची बायको होती. मी दोन दिवस यावर विचार करतोय आणि एका जागी बसवत नाही.

अपर्णाताई, यादीची उत्तरं नंदू पाठवील. मंडळाला माझं सांगणं एवढंच आहे. तातूनं कधी कुणावर काही केलं नाही. तो एका परक्या बाईच्या अकरा दिवसांच्या मुलाला दर वर्षी जेवू घालत होता. मालिकेत दिसतो तो हात माझा आहे, करंगळी कुणालाही दाखवायला मी हॉलवर येईन. आणि त्या मोदकपात्राची गाठ पुढच्या वर्षी सोडा. मोदकांना नंदूच्या बायकोचा हात तातूसारखाच आहे.

फोन ठेवून वळलो तेव्हा लहान पान भिंतीवर तिरकं झालं होतं. भात, वडा जागच्या जागी. खीर नव्हती. भिंतीवर कोणी नव्हतं, वर तारेवरही नव्हतं. राखणदाराला विचारलं, तो फाटकाच्या आत पाणी मारत होता, त्यानं बघितलं नव्हतं.

तू विचारशील, 'कावळो इलो?'

या वेळी खरं सांगतो. मी पाहिलं नाही, तातू. माझी पाठ होती.